भात नको, पण पोटभर हवं : मालवण बंदराजवळची एक खानावळ

मधुमेहामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने भात-भाकरी कमी केली, इन्सुलिनही त्यांनीच कमी करून दिलं. पण भात काढला त्या जागी मी काहीच घातलं नव्हतं. दोन महिन्यांत वजन उतरलं, जिना चढताना पाय लटपटायचे.

इथल्या काकींना म्हटलं, "भात नको." त्या म्हणाल्या, "मगे पोट कशान भरतला?" आणि रवा न लावता तळलेले दोन बांगडे वाढले, कडेला कुरकुरीत, आत तेलाने ओलसर. सोबत तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, ओल्या खोबऱ्याने भरलेलं. एका ग्रॅम स्निग्धांशात 9 कॅलरी, भात-भाकरीतल्या पिष्टात 4. भाताच्या जागी माझी भर खोबऱ्यातल्या स्निग्धांशानेच झाली. सोलकढी घट्ट, पण साखर घातलीय का ते आधी विचारा. रात्रीपर्यंत भूक लागली नाही.