क्रूशियल बीएक्स ५०० एसएसडी: एका पत्रिकावालीचा अनुभव

खानापुरात माझं लग्नपत्रिका, बॅनर करून द्यायचं लहान दुकान आहे. मराठी-कन्नड दोन्हीत काम. लॅपटॉप २०१५ चा, आय थ्री, चार जीबी रॅम. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, उंबऱ्यावर पाणी मारायचं, देवाला उदबत्ती लावायची. तरी पडद्यावर गोल फिरतंच. एकदा मोबाइलवर वेळ लावला, ४ मिनिटं ४० सेकंद! तुळशीचं लग्न झालं की दारात गिऱ्हाईक, "ताई, मामांचं नाव राहिलंय" म्हणून उभं.

एका ठिकाणी फॉरमॅट मारून दिलं. महिन्याभरात मूळपदावर, वर माझे मराठी फॉन्ट गेले ते गेलेच. दुसरा म्हणाला, भंगारात घाला.

मग बेळगावात एका पोरानं आधी टास्क मॅनेजर (लॅपटॉपचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला. "अक्का, हे बघा." डिस्कच्या खाली १०० टक्के, प्रोसेसर १२ वर निवांत. स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप चालू होणाऱ्यांच्या यादीत श्रीलिपी, नुडी (मराठी-कन्नड टायपिंगची, ही मीच घातलेली), प्रिंटरची कसली कसली शेपटं आणि लॉकडाऊनमधली दोन मीटिंगची ॲप. नको ती बंद केली. ३ मिनिटं ५० सेकंद. "फुकटात एवढंच होतंय. पुढचं डिस्क बदलल्याशिवाय नाही."

मग ही क्रूशियलची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, २४० जीबीची घेतली, १९०० रुपये. विंडोज नव्यानं न घालता जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी केली, म्हणून फॉन्ट वाचले. दोन तास लागणार म्हटल्यावर मी गणपत गल्लीत कार्डं बघून आले. तोवर लॅपटॉप पालथा, पंख्यात धुळीचा नमदा. चालू डिस्क त्यानं माझ्या कानाला लावली. कट, कट, कट. "ही मिनिटाला ५४०० फेऱ्या मारत्या, तरी चालू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून शोधत बसत्या. नवीन डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही."

आता २४ सेकंद. पत्रिका-बॅनर करायचं कोरलसुद्धा झटक्यात उघडतं.

खोक्यावर सेकंदाला ५४० एमबीचा वेग लिहिलाय, त्यावर जाऊ नका. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह मेंगळट असला की फोटो पहिल्यासारखेच रांगत येतात. शिवाय २४० म्हणून घेतलेली विंडोजमध्ये २२३ दिसते, आणि बॅनरच्या फायली म्हणजे गोणीभर. म्हणून डीव्हीडीची जागा काढून तिथं जुनी डिस्क बसवून घेतली, वेगळे ३०० रुपये. रॅम चारच, त्यामुळं कोरल आणि क्रोम एकत्र उघडले की अजून कण्हतोय.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ ह्या प्रोसेसरला चालत नाही. म्हणून बँकेचं काम त्यावर करत नाही, पत्रिका तेवढ्या.

वॉरंटी तीन वर्षांची. बिल मात्र मागून घ्या. मला दोनदा मागावं लागलं.