सात महिन्यांत चार मिनिटं: कॉन्ट्राचा टास करून पाहिल्यावर

मे अखेरीस आंब्याची शेवटची पेटी वाशीला गेली, पाऊस लागला, आणि मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर बिझहॉक (इम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम) उतरवून घेतलं. आता देवगडात मोहोर आलाय, फवारणीचे दिवस आहेत. मधल्या सात महिन्यांत माझ्या हातून कॉन्ट्रा या जुन्या निन्टेंडोवरच्या गोळीबाराच्या खेळाचे पहिले तीन टप्पे झाले, म्हणजे चालवून बघायला साधारण चार मिनिटं. त्यासाठी ११ हजारांहून जास्त वेळा मागे जाऊन पुन्हा बटणं दाबली. हा आकडा फाईलच आपल्या डोक्यावर लिहून ठेवते, म्हणून माहीत आहे. नाहीतर आईने विचारल्यावर मी पाचशे सांगितले असते.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टूल-असिस्टेड स्पीडरन, बोलताना टास, म्हणजे जुना व्हिडिओ गेम इम्युलेटरवर एकेक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला अशी साठ) थांबवत, चुकलं की मागे जात, शक्य तितक्या कमी वेळात संपवायचा. शेवटी हातात व्हिडिओ येत नाही, बटणांची यादी येते: अमुक फ्रेमला उजवीकडे, तमुक फ्रेमला उडी. ती यादी तोच इम्युलेटर आणि तीच रॉम, म्हणजे खेळाची फाईल, घेऊन कोणीही चालवली की अगदी तोच खेळ घडतो. ही कल्पना १९९९ च्या सुमारास डूम खेळणाऱ्यांनी वापरली. पण गाजली ती २००३ मध्ये, मोरिमोतो नावाच्या जपानी खेळाडूचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा अकरा मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरला तेव्हा. पुष्कळांना वाटलं, माणूस खरंच असा खेळतोय. खरं कळल्यावर काही जण फसवल्यासारखे चिडलेही. त्याच वर्षी फिनलंडच्या बिस्क्विट नावाच्या प्रोग्रामरने अशा खेळांचं संकलन सुरू केलं, तेच आजचं टासव्हिडिओज हे संकेतस्थळ.

बिझहॉक मी तीन आठवडे वापरलं. त्याच्या टासस्टुडिओ या एडिटरमध्ये कितीतरी कन्सोल एका छताखाली मिळतात, आणि सुपर निन्टेंडो किंवा सेगा करणार असाल तर सरळ तिकडेच जा. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा. बिझहॉक आणि ब्राउझर एकत्र उघडले की पंखा असा फिरतो की आता पवनचक्क्यांच्या सड्यावर जाऊन बसायला हरकत नाही. मला फक्त ८-बिटचा, म्हणजे जुन्या निन्टेंडोचाच खेळ करायचा होता. म्हणून त्याच्याच एफसीईयूएक्स या इम्युलेटरवर आलो, आणि तिथेच राहिलो. दोन्ही फुकट आहेत, तेव्हा पैशांचं काही सांगण्यासारखं नाही.

एफसीईयूएक्समधल्या टास एडिटरबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण सात महिने मी त्यातच राहिलो. समोर उभी लांबलचक यादी असते. एक ओळ म्हणजे एक फ्रेम, आडवे रकाने म्हणजे कंट्रोलरची बटणं. रकान्यात क्लिक केलं की त्या फ्रेमला ते बटण दाबलं गेलं. माऊस दाबून खाली ओढला की सलग वीस फ्रेम उजवीकडे धाव. ज्या फ्रेमपर्यंतची खेळाची स्थिती इम्युलेटरने जपून ठेवली आहे त्या ओळी हिरव्या दिसतात, त्याला ग्रीनझोन म्हणतात. शंभर फ्रेम मागे जाऊन एक उडी बदलली, की तिथून पुढचा हिरवा रंग उडतो आणि सगळं नव्याने घडवावं लागतं. आमच्या घरासमोर जाळी शिवायला बसणारे काका एक गाठ चुकली तर पुढची वीण उसवून परत घेतात. मला आधी वाटायचं, किती चिकाटी या माणसाची. आता आम्ही दोघं समोरासमोर बसतो आणि एकमेकांना काही विचारत नाही.

ज्या फ्रेमला खेळ बटणांकडे बघतच नाही तिला लॅग फ्रेम म्हणतात, आणि एडिटर ती वेगळ्या रंगात दाखवतो. ही सोय सुरुवातीला मला फालतू वाटली होती. नंतर कळलं की अर्धी लढाई इथेच आहे. पडद्यावर गर्दी झाली की जुन्या मशीनला एका फ्रेमच्या वेळात सगळा हिशेब पुरा करता येत नाही आणि एक फ्रेम वाया जाते. मग शत्रूला लवकर मारायचं ते शूरपणासाठी नाही, गर्दी कमी करायला.

कॉन्ट्रात माणूस एकाच ठरलेल्या वेगाने धावतो. त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या जंगलात तुम्ही कितीही हुशारी केलीत तरी धावण्यात फारसं काही वाचत नाही. वाचतं ते शेवटच्या भिंतीशी. साध्या बंदुकीला गोळीबाराचं बटण दाबून धरून चालत नाही, प्रत्येक गोळीला नव्याने दाबावं लागतं. म्हणजे एक फ्रेम दाबा, एक फ्रेम सोडा: सेकंदाला तीस वेळा. माणसाच्या अंगठ्याला हे जमणारं नाही, एडिटरमध्ये ते दोन ओळींची नक्षी खाली ओढण्याइतकं सोपं आहे. मी तसं केलं आणि वाटलं, झालं काम. पण भिंत काही लवकर पडेना. तीन रात्री गेल्यावर ट्यूब पेटली. पडद्यावर एका वेळी ठरावीकच गोळ्या राहू शकतात. लांबून मारलं तर गोळी पोहोचेपर्यंत जागा अडलेली, बटण कितीही बडवा, पुढची गोळी सुटतच नाही. भिंतीला नाक लावून उभं राहिलं की गोळी लगेच लागते, लगेच जागा मोकळी होते. इतकी साधी गोष्ट. लहानपणी आम्ही घाबरून शक्य तितक्या लांबून गोळ्या झाडायचो, ते आठवून हसू आलं. या एका बदलात माझ्या ४१ फ्रेम वाचल्या, म्हणजे पाऊण सेकंदही नाही, आणि मी त्या रात्री झोपलो नाही.

हा सगळा प्रकार घरात कोणाला समजावून सांगणं अवघड आहे. आई दारातून डोकावून म्हणाली होती, "मेल्या, तो माणूस सकाळपासून थंयच उडी मारता हा!" तिचं निरीक्षण बरोबर होतं.

बुकमार्क हा या एडिटरचा दुसरा मोठा गुण. दहा खण मिळतात, प्रत्येकात खेळाची वेगळी फांदी जपता येते. डावीकडून गेलो तर काय, वरच्या फळीवरून गेलो तर काय, दोन्ही ठेवायचं आणि शेवटच्या फ्रेमचा आकडा बघून निवाडा करायचा. जोडीला रॅम वॉच लागतंच. मेमरीत माणसाची जागा, शत्रूची उरलेली ताकद कुठे आहे ते शोधून काढलं की अंदाजाने काही करावं लागत नाही. ही शोधाशोध मला खेळापेक्षा जास्त आवडली, आणि त्यात किती आठवडे गेले ते सांगत नाही.

आता रडगाणं. जुलैत एका रात्री वाऱ्याने लाईट गेली. माझ्या लॅपटॉपच्या बॅटरीने कधीच राम म्हटला आहे, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दोन दिवे. ऑटोसेव्हची सोय एडिटरमध्ये आहे, मी ती चालू केलेली नव्हती. दुसऱ्या टप्प्यातली पूर्ण संध्याकाळ गेली. दोष साधनाचा नाही, माझाच. कोकणात पावसाळ्यात हे करणार असाल तर पहिल्या दिवशी ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावा आणि मगच रॉम उघडा. दुसरी एक सवय लावून घ्या: रोज रात्री एफएम२ स्वरूपात निर्यात. ती निव्वळ मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, उभ्या रेघांमध्ये टिंबं आणि अक्षरं, आर म्हणजे उजवीकडे, ए म्हणजे उडी. माझी सगळी सात महिन्यांची मेहनत एका मेसेजमध्ये मावते एवढी लहान.

डिसिंक, म्हणजे यादी चालवल्यावर भलताच खेळ घडणं, हा आजार मला एकदाच झाला. माझी फाईल मी मित्राला पाठवली, त्याच्याकडे माणूस पहिल्या मिनिटात दरीत उडी टाकून मेला. तो म्हणाला, तुझा विक्रम बघितला. निघालं असं की त्याच्याकडची रॉम वेगळ्या आवृत्तीची होती. युरोपात हाच खेळ प्रोबोटेक्टर नावाने, माणसांच्या जागी यंत्रमानव घालून निघाला, तो त्याने उघडला होता. यंत्रमानव बघूनही त्याला शंका आली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मग एन्कोडिंग, म्हणजे खेळाचा व्हिडिओ बनवणं. टास करणाऱ्याला वाटतं, खेळ संपला की काम संपलं. माझ्या मते या छंदातला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा भाग हाच. पहिल्यांदा मी इम्युलेटरमधून एव्हीआय काढली, काहीही न आवळता. चित्र २५६ गुणिले २२४, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला साठ फ्रेम: म्हणजे सेकंदाला १० एमबी. चार मिनिटांचे अडीच जीबी झाले, आणि एव्हीआय दोन जीबीच्या जवळ आली की तुकडा पडतो, म्हणून एकाच्या दोन फायली. नंतर लॅगॅरिथसारखा काहीही न गमावता व्हिडिओ आवळणारा कोडेक वापरायला शिकलो.

पुढची चूक जास्त सूक्ष्म होती. मी व्हिडिओचा वेग ६० फ्रेम ठेवला. निन्टेंडोचं अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० नाही, ६०.०९८८ फ्रेम दाखवतं. फरक किती? चार मिनिटांनी जवळपास २४ फ्रेम. सुरुवातीला सगळं ठीक, शेवटी धबधब्याच्या टप्प्यावरचा राक्षस फुटायच्या आधीच त्याच्या स्फोटाचा आवाज येतो. भाच्याने पकडलं ते. "मामा, आवाज आधी का येतो?" मी दोन दिवस हेडफोनला दोष देत होतो.

रंगांची गोष्ट तर मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चित्राच्या निम्म्या बारकाईनेच साठवतात, आडवी निम्मी आणि उभीही निम्मी. सिनेमात कळत नाही. ८-बिटच्या खेळात एकेका ठिपक्याची लाल रेघ असते, ती शेजारच्या काळ्यात झिरपते आणि चित्र भिजल्यासारखं दिसतं. उपाय असा: आधी चित्र पूर्ण पटींत मोठं करायचं, आणि तेही गुळगुळीत न करता, प्रत्येक ठिपक्याचा जसाच्या तसा चौकोन करून. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये त्याला नेबर म्हणतात. मग मूळ एका ठिपक्याच्या चौकोनात रंगाला पुरेशी जागा मिळते. मी दहापट करतो. यूट्यूबवर चढवायचं असेल तर मोठं करावं लागतंच, कारण ७२० च्या खाली तिथे साठ फ्रेम मिळत नाहीत. आणि तीस फ्रेममध्ये जुने खेळ आंधळे होतात. नवा जीव मिळाल्यावर लुकलुकणारा माणूस एक फ्रेम दिसतो, एक फ्रेम नाही. नेमकी नसलेलीच फ्रेम उचलली गेली की माणूस गायब, नुसत्या गोळ्या चालतायत. गटात पाठवायला केलेल्या एका छोट्या चाचणीत माझं असंच झालं. एकाने विचारलं, भूत खेळतंय का.

दहापट आकाराचं एन्कोडिंग माझ्या लॅपटॉपवर चार मिनिटांच्या खेळाला पाऊण तास घेतं. एक्स२६४ वापरून, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितकं चित्र चांगलं) वीसच्या आसपास, त्याहून नाजूक आकड्याने माझ्या डोळ्याला काही फरक दिसला नाही. फाईल चढवायला स्कूटर काढून सड्यावर जातो, तिथे रेंज बरी असते.

गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ आला. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं निन्टेंडोची नक्कल असलेल्या ज्या नकली डब्यावर, एकात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असं लिहिलेल्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळायचो, तोच हा दादा. आरती आटोपल्यावर टीव्हीला लॅपटॉप लावला. तो शांतपणे बघत होता. धबधब्याच्या टप्प्याला माणूस एकदाही न थांबता वर चढत गेला तेव्हा म्हणाला, "ह्यां तू खेळलंस?" मी हो म्हणायला गेलो, नाही म्हणायला गेलो, आणि शेवटी दोन्ही म्हणालो. भाचा मध्येच बोलला, "चीटिंग आहे ते." दादाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो म्हणाला, "पण गाणं फास्ट वाजता हा." मला वाटलं, परत एन्कोडिंग बिघडलं. तसं नव्हतं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला पन्नास वेळा चित्र बदलणारे, आणि त्यांच्यासाठी बनलेले डबेही पन्नासच्याच वेगाने चालत. आमचा डबाही त्यातलाच असणार. म्हणजे खेळ आणि गाणं दोन्ही मूळच्यापेक्षा सुमारे १७ टक्के हळू. तीस वर्षांनी त्याच्या कानाने ते ओळखलं. एफसीईयूएक्समध्ये अशा नकली डब्यांचा वेग लावायचीही सोय आहे, डेंडी नावाने. ती लावून मी त्याला पहिला टप्पा हाताने खेळायला दिला. दोनदा मेला, तिसऱ्यांदा भिंत पाडली, लांबूनच.

चीटिंगबद्दल एवढंच सांगेन की टासच्या व्हिडिओवर सुरुवातीलाच तसं लिहितात, आणि माणसांच्या विक्रमांच्या यादीत तो कोणी घालत नाही. शिवाय यादी खऱ्या यंत्रालाही पाजता येते. जानेवारी २०१४ मध्ये टासबॉट नावाच्या यंत्रमानवाने एका मोठ्या कार्यक्रमात खऱ्या सुपर निन्टेंडोवर सुपर मारिओ वर्ल्ड खेळताना नुसत्या बटणांच्या जोरावर त्यातच पाँग आणि साप हे खेळ लिहून दाखवले. ते बघून माझ्या ४१ फ्रेमचा माज उतरला.

ज्याला संध्याकाळी दमून भागून दोन घटका खेळायचंय त्याने या वाटेला जाऊ नये, खेळण्याचा आनंद इथे फार थोडा आहे. हिशेब जुळवण्याची आवड असेल तर एफसीईयूएक्स डोळे मिटून घ्या, मदतीची पानं नीट वाचा, आणि कॉन्ट्राऐवजी एखादा छोटा खेळ निवडा. मी निवडला नाही.

सध्या धबधब्याच्या टप्प्यात तिसऱ्या फळीवर दोन फ्रेम जास्त जातायत. उडी एक फ्रेम लवकर घेतली तर वरून येणारा दगड डोक्यात पडतो, उशिरा घेतली तर फळी सुटते. रविवारी फवारणीवाले येणार नाहीत म्हणालेत, तेव्हा बघतो.