प्रसंग बदलल्याची रेघ: ई-पुस्तकांत नऊ महिने वापरल्यानंतर

मी छोट्या प्रकाशकांसाठी मराठी ई-पुस्तकं तयार करते. गेल्या नऊ महिन्यांत सात पुस्तकं केली. या सातही पुस्तकांत दोन प्रसंगांमधली मोकळी ओळ काढून तिथे एचआर हा टॅग घातला (टॅग म्हणजे ई-पुस्तकाच्या पानांमागच्या एचटीएमएल भाषेतली खूण; ही खूण आडवी रेघ होऊन दिसते). त्याचा अनुभव लिहितेय.

सुरुवात झाली एका फोनने. एका कादंबरीत आजी जाते आणि पुढचा प्रसंग थेट वीस वर्षांनंतरच्या बारशाचा आहे. लेखकाने मधे दोनदा एंटर मारलं होतं, मीही ती मोकळी ओळ तशीच ठेवली. माझ्या मोबाईलवर ती स्वच्छ दिसायची. पुस्तक विक्रीला लागलं आणि लेखकाच्या थोरल्या बहिणीचा त्याला फोन आला, "अरे, आजी आत्ता गेली ना? मग लगेच पेढे कसले वाटतायत?" ताईंनी अक्षर मोठं केलं होतं, त्यामुळे मोकळी ओळ नेमकी पानाच्या तळाशी गेली आणि नाहीशी झाली. छापील पुस्तकात अशी जागा पानाच्या टोकाला आली, तर मांडणी करणारा तिथे तीन चांदण्या टाकतो. पान त्याच्यासमोर पक्कं असतं. ई-पुस्तकात मात्र अक्षराचा आकार वाचक ठरवतो आणि पान त्याप्रमाणे सरकतं. मला फार वाईट वाटलं. त्या प्रकरणावर लेखकाने कितीतरी महिने घालवले होते.

मग मी चांदण्या टाइप करून मधोमध ठेवल्या. आमचे एक दृष्टिहीन वाचक मोबाईलवर पुस्तकं ऐकतात. त्यांनी मला फोनवर तो भाग ऐकवला. आजीचा शेवटचा श्वास, आणि लगेच "ॲस्टरिस्क, ॲस्टरिस्क, ॲस्टरिस्क". त्यानंतर तीन चांदण्यांचं एकच जोडचिन्ह वापरून पाहिलं. निवडलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये ते नव्हतं आणि एका ॲपवर रिकामा चौकोन उमटला. कमळाचं छोटं चित्र घातलं, तर रात्रीच्या काळ्या पानावर त्याच्यामागचा पांढरा डबा चमकायला लागला. पार्श्वभूमी पारदर्शक केली, तेव्हा काळं कमळ काळ्या पानात बुडालं.

एचआरकडे वळले ते यानंतर. पूर्वी हा टॅग म्हणजे नुसती आडवी रेघ होती. एचटीएमएलच्या आजच्या अधिकृत मानकात त्याचा अर्थ विषय बदलल्याची खूण असा आहे, आणि कथेतला प्रसंगबदल हे उदाहरणही तिथेच दिलेलं आहे. म्हणजे खूण मजकुराच्या रचनेतच बसते. ती कशी दिसावी, हे सीएसएसमधून, म्हणजे दिसण्याच्या सूचनांमधून, वेगळं सांगायचं.

दिसण्यात मी साधेपणाच ठेवला. एक पिक्सेलची रेघ, रुंदी २० टक्के, वरखाली दीड ओळ जागा. रंग मुद्दाम दिला नाही, कारण मुळातली राखाडी रेघ पांढऱ्या पानावरही दिसते आणि काळ्यावरही. एका जुन्या ई-इंक (कागदासारखा पडदा असलेल्या) उपकरणावर मात्र ती मधोमध यायचं सोडून डावीकडे चिकटली. शेवटी डावा-उजवा समास 'ऑटो' न ठेवता ४०-४० टक्के दिला, तेव्हा जागेवर आली. रेघेनंतरच्या पहिल्या परिच्छेदाला सुरुवातीची जागा देत नाही. त्यासाठी त्याला वेगळा क्लास, म्हणजे शैलीचं वेगळं नाव, देते. रेघेपेक्षाही तो डावीकडे टेकलेला परिच्छेद वाचकाला नवी सुरुवात जाणवून देतो, असं माझं ठाम मत आहे.

काम करते सिजिलमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाईली संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. फुकट आहे, आणि त्यातल्या शोधा-बदला सोयीत रेजेक्स (म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) चालतं, त्यामुळे चांदण्यांचे सगळे परिच्छेद एका फटक्यात एचआर होतात. खरा वेळ जातो तो लेखकाच्या दोनदा मारलेल्या एंटरांवर. कॅलिबर या ई-पुस्तकांच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ह्युरिस्टिक (म्हणजे अंदाजाने दुरुस्त्या करणाऱ्या) प्रक्रियेत अशा मोकळ्या ओळींच्या जागी खूण घालायची सोय आहे आणि पहिल्या फेरीला ती उपयोगी पडते. पण कुठे प्रसंग खरंच बदलला आणि कुठे बोट चुकून दोनदा पडलं, हे यंत्राला कळत नाही. एका कथासंग्रहात अशा ६१ जागा होत्या. लेखिकेबरोबर बसून एकेक वाचली, त्यातल्या १७ निव्वळ चुकीच्या निघाल्या. हे काम टाळू नका.

जाता जाता एक. फाईल उघडलीच आहे तर भाषेचा कोड 'एमआर', म्हणजे मराठी, आहे का, तेही बघा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

एक अडचण अजून सुटलेली नाही. रेघेनंतर पान तोडू नये असं सांगूनही काही ॲप ऐकत नाहीत, आणि रेघ पानाच्या तळाशी एकटीच लोंबते. दिसायला बरं नाही, पण खूण शाबूत राहते. त्या कादंबरीची सुधारित फाईल ताईंना पाठवली, तेव्हा त्यांच्या मोठ्या अक्षरात रेघ अशीच तळाशी आली होती. त्यांनी फोनवर सांगितलं, "आता कळलं गं, इथे थांबायचंय." या वेळी फोन त्यांनी मलाच केला होता.