साधी पांढरी काठी की स्मार्टकेन?
पंचवटीतल्या एका परिचितांची दृष्टी गेल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न आहे, की साधी पांढरी काठी घ्यावी की आयआयटी दिल्लीने ‘सक्षम’ या संस्थेच्या साथीने घडवलेली, 2014 मध्ये आलेली स्मार्टकेन. खर्चात आणि देखभालीत साधी काठी निर्विवाद सरस आहे. मात्र ती जमिनीलगतचेच सांगते. स्मार्टकेन गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे, सुमारे 3 मीटरपर्यंतचे अडथळे ध्वनिलहरींनी हेरून मुठीतल्या कंपनांनी कळवते, आणि लोंबती फांदी किंवा उभ्या टेम्पोची कड कपाळावर आदळण्याआधी कळणे ही लहान गोष्ट नव्हे. खड्डा मात्र तिच्याही टोकालाच कळतो, आणि रविवार कारंजावरच्या गर्दीत कंपने थांबणे कठीणच. ओळखीच्या गल्लीपुरते फिरणाऱ्याला साधी काठी पुरते. रोज एकट्याने नव्या रस्त्यांवर जाणाऱ्याने, सरावाची तयारी असल्यास, स्मार्टकेन घ्यावी.