प्रोटॉन की टूटा? आधी ओट्यावरच्या काकूंचा विचार करा

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात कोण कोणाकडे आलं, किती वाजता आलं आणि किती वेळ बसलं, हे ओट्यावरच्या काकूंना तोंडपाठ असायचं. आत काय बोलणं झालं, तेवढं त्यांना कळायचं नाही. एन्क्रिप्टेड ईमेल, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारा ईमेल, हे बंद दार आहे. प्रोटॉन आणि टूटा या अशाच दोन ईमेल सेवा. काकू ओट्यावरच आहेत.

हे लिहायला कारण एक मावसबहीण. (नातं बदललंय, बडोद्यात माणूस नावाआधी नात्यावरून सापडतो.) एका कारखान्यातून रात्री सोडल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल तिला सरकारी कार्यालयात तक्रार करायची आहे, पण स्वतःचं नाव कळू द्यायचं नाही. "प्रोटॉनवर खातं काढू की टूटावर? जीमेल तर नकोच ना?"

जीमेल नकोच. वाटेत मजकूर सुरक्षित असतो, पण पोचल्यावर किल्ली गूगलच्या हातात, आणि तिचं खातं तिच्याच मोबाइल नंबराला बांधलेलं.

उरले दोन. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं, सर्न या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली आणलेलं. टूटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचं. 2023पर्यंत त्याचं नाव टूटानोटा होतं. पेटीत साठलेल्या पत्रांचा मजकूर दोन्हीकडे कंपनीलाही वाचता येत नाही. फरक विषयाच्या ओळीत आहे. टूटा तीही एन्क्रिप्ट करतं, प्रोटॉनवर ती एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या (फक्त पाठवणारा आणि घेणारा उघडू शकतील अशा कुलपाच्या) बाहेर राहते. कोणी, कोणाला, केव्हा पाठवलं, हे मात्र दोघांनाही झाकता येत नाही. नुसत्या मजकुराचा प्रश्न असता तर मी टूटा म्हटलं असतं.

पण तिचं पत्र जाणार सरकारी कार्यालयाच्या साध्या पत्त्यावर. तिथे ते उघडंच पोचणार, पेटी कुठलीही असो. पासवर्ड लावून पाठवायची सोय दोघांकडे आहे; पण अनोळखी पत्राची लिंक उघडून पासवर्ड टाकत बसणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे तिला मजकूर लपवायचाच नाहीये. स्वतःला लपवायचंय, आणि त्यासाठी ही दुकानं मुळात उघडलेली नाहीत.

2021 मध्ये स्विस अधिकाऱ्यांचा आदेश आला आणि प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ज्यावरून माणूस सापडतो) नोंदवून द्यावा लागला. आपण एरवी आयपीच्या नोंदी ठेवत नाही, अशा अर्थाचं वाक्य मग त्यांच्या संकेतस्थळावरून उतरलं. 2024 मध्ये स्पेनच्या पोलिसांना एका प्रोटॉन खात्याचा रिकव्हरी ईमेल (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला दिलेला दुसरा ईमेल) मिळाला. तो अ‍ॅपलचा निघाला, आणि माणूस कोण ते अ‍ॅपलकडून कळलं. टूटाचंही तसंच: 2020 मध्ये कोलोनच्या न्यायालयाने खंडणीच्या प्रकरणातल्या एका पेटीवर नजर ठेवायला लावली. त्या पेटीत नव्याने येणारी साधी पत्रं, कुलूप लागण्याआधीच, द्यावी लागली. एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड पत्रं देणं शक्यच नव्हतं. तिन्ही वेळा कुलूप शाबूत राहिलं. प्रोटॉनच्या दोन्ही वेळा बोलल्या त्या काकू.

म्हणून तिच्यासाठी माझं झुकतं माप प्रोटॉनला, आणि तेही एकाच कारणाने: 2017पासून त्यांचा टॉरवर (वापरणाऱ्याचा आयपी लपवणाऱ्या जाळ्यावर) स्वतंत्र पत्ता आहे. घरच्या वायफायचा आयपी तिथे पोचतच नाही, मग नोंदवणार काय? अट एवढीच की खातं काढण्यापासून सगळं टॉरवरूनच करायचं, आणि रिकव्हरीसाठी स्वतःचा जुना ईमेल किंवा नंबर द्यायचा नाही. एक धोका आहे. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करा, असं केंद्राला सांगितलं होतं. त्यामुळे ज्याला वर्षानुवर्षं वकिलाशी पत्रव्यवहार करायचाय, त्याने दोन्ही टोकांना टूटा घ्यावं. त्यांचं फुकट खातं सहा महिने उघडलं नाही तर जातं, एवढं ध्यानात ठेवावं.

एवढं बोलून झाल्यावर तिने मला मसुदा दाखवला. ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेली वर्डची फाइल. प्रॉपर्टीज उघडल्या, तर लेखक म्हणून तिचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट. सोबत नाल्याचे चार फोटो. त्यात फोनचं मॉडेल, वेळ आणि नकाशावरचा नेमका ठिपका, म्हणजे तिच्या केबिनची मागची खिडकी. मी कपाळाला हात लावला. मजकूर घरी ईमेलमध्येच पुन्हा टाइप केला आणि फोटोंमधली माहिती पुसून टाकली.

रिकव्हरीबद्दल मी जरा जास्तच कटकट केली. अशाच एका सेवेवर मी कोड लिहून ठेवला नव्हता, पासवर्ड विसरलो आणि दोन वर्षांची पत्रं गेली. किल्ली कंपनीकडे नसते याचा हाही अर्थ होतो. प्रोटॉनने रिकव्हरीसाठी दिलेले बारा शब्द तिने घरातल्या पाककृतींच्या वहीत उतरवलेत, भाजणीच्या प्रमाणाखाली, धणे-जिऱ्यांच्या ओळीत मिसळून.