स्केटबोर्डच्या बेअरिंगच्या शील्डच्या, म्हणजे झाकणाच्या, आत काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

डाव्या मनगटाचं प्लास्टर मंगळवारी निघालं. दोन्ही हातांनी लिहिता आलं की पहिल्यांदा हे लिहायचं, असं मी ठरवूनच ठेवलं होतं. नाशिकमध्ये आता स्केटबोर्ड घेऊन फिरणारी मुलं बरीच दिसतात. त्यातली बहुतेक शाळकरी, आणि त्यांच्या आईवडिलांना बोर्डातलं काही कळायचं कारण नाही. मी सहा वर्षं बोर्ड चालवते आहे, तरी मला फसवलं गेलं. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

ऑक्टोबरमध्ये मी रत्नागिरीला आत्याकडे दहा दिवस जाणार होते. बोर्ड बरोबर न्यायचाच होता. इथे मी पहाटे अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या सिमेंटच्या रस्त्यावर चालवते, तिथे माझी ९९ए ची टणक चाकं मस्त पळतात (हा आकडा टणकपणाचा, जितका कमी तितकं चाक मऊ). पण कोकणातला रस्ता खडबडीत, म्हणून मऊ चाकं टाकून घ्यावीत असा विचार करून कॉलेज रोडच्या बाजूच्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. प्रकरण तक्रारीत आहे.

दुकानदार गोड बोलणारा, आणि सुरुवातीला त्याने जे सांगितलं ते सगळं खरं होतं. हे मुद्दाम नोंदवते, कारण मी फसले ती इथेच. ७८ए ची चाकं घ्या म्हणाला, बरोबर. दमट हवेत बोर्डाची लाकडी फळी ओल धरते, मेपलचे सात थर असले तरी कडेने फुगते, रात्री अंगणात ठेवू नका म्हणाला, तेही बरोबर. दहा मिनिटं माणूस खरं बोलत राहिला की अकराव्या मिनिटाला आपण तपासणं सोडून देतो. अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, "ताई, चाकं बदलून उपयोग नाही. तुमची बेअरिंग्ज खारी हवा खाऊन दोन दिवसांत जाम होतील. सिरॅमिक टाका, गंजणारच नाहीत."

बेअरिंग म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, आत गोळ्या असलेली कडी, तिच्यावरच चाक फिरतं; चार चाकांना प्रत्येकी दोन, अशी आठ लागतात. माझी बेअरिंग्ज स्टेनलेस स्टीलची होती. पहिल्या पगारातून घेतलेली, २४०० रुपयांची. दर दोन महिन्यांनी उघडून, धुऊन, ग्रीस भरून वापरलेली. मी त्याला तसं सांगितलंही. त्याने एक हातात घेऊन कानाजवळ फिरवलं आणि मान हलवली. "आवाज ऐका. संपलीत ही." मग त्याच्याकडचं एक नवं चाक अंगठ्यात धरून बोटाने टिचकी मारली. चाक फिरतच राहिलं, मिनिट झालं, दीड मिनिट झालं, तरी थांबेना. माझं चाक वीस सेकंदांत थांबलं. समोरासमोर दाखवल्यावर काय बोलणार?

चाकांचे १८०० आणि सिरॅमिकचे ३६०० असे ५४०० रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, मशीन बंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. दुकानाच्या पॅडवरच्या चिठ्ठीवर नुसतं "चाके + बेरिंग" आणि आकडा. बोर्ड संध्याकाळी घेऊन जा म्हणाला. जुनी बेअरिंग्ज परत मागितली तर, "स्क्रॅपमध्ये गेली ताई, नवी देतो तेव्हा जुनी ठेवूनच घेतो आम्ही." मला तेव्हाच राग यायला हवा होता.

रत्नागिरीत पोचले तेव्हा पाऊस संपून ऊन पडलं होतं, पण हवा अशी की दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. आत्या विळीच्या पात्याला रोज खोबरेल लावून ठेवते, नाहीतर सकाळी तांबेरा धरतो. तिने माझा बोर्ड उलटा करून बघितला आणि पहिलाच प्रश्न केला, "अगो, या लोखंडाला काय लावतेस?" मी म्हटलं, हे गंजत नाही. पैसे मोजून आले होते ना.

पहिले दोन दिवस मांडवीच्या किनाऱ्याजवळ संध्याकाळी चालवला. छान चालला. तिसऱ्या दिवशी उजव्या पुढच्या चाकातून चिमणीच्या पिल्लासारखा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं जांभ्याची लाल धूळ गेली असेल, फडक्याने पुसून घेतलं. पाचव्या दिवशी सकाळी थिबा पॅलेसकडून खाली येणाऱ्या उतारावर ते चाक एकदम धरलं. बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी पुढे गेले. डाव्या हातावर पडले, मनगटाजवळचं हाड चिरलं. मागून रिक्षा येत होती. त्या रिक्षावाल्या काकांनी वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर हे लिहायला मी नसते.

नाशिकला परत आल्यावर बाबांनी बोर्ड हातात घेतला. बाबा अंबडच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं फिटर आहेत. त्यांनी बेअरिंगवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "हे तर ६०८ आहे. आमच्याकडे ड्रिल मशीनमध्ये घालतो." स्केटबोर्डाचं बेअरिंग म्हणजे काही वेगळी वस्तू नसते: आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२, जाडी ७. मापाला जगभर तेच. फरक पडतो तो धातूत, गोळ्यांत आणि झाकणात. झाकणावर निळ्या रंगात "एबेक ११" छापलं होतं. ते बघून मला इतके दिवस बरंच वाटलं होतं, अकरा म्हणजे सातापेक्षा भारी. बाबांनी सांगितलं की एबेकची मोजपट्टी १, ३, ५, ७, ९ अशी चालते आणि नऊवर संपते. अकरा नावाचा दर्जाच नाही. शिवाय ती मोजपट्टी फक्त माप किती काटेकोर आहे ते सांगते, बेअरिंग गंजेल की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही.

मग त्यांनी टेबललॅम्प खाली ओढला, आईच्या शिवणाच्या डब्यातली जाड सुई घेतली आणि झाकणाच्या कडेत खुपसून पत्रा उचकटला. पांढऱ्या कागदावर आधी गंजाची भुकटी पडली, हळदीकुंकू एकत्र सांडल्यासारखी. आत सात गोळ्या. सिरॅमिकची गोळी पांढरी असते नाहीतर काळपट करडी. या सातही लोखंडासारख्या चकचकीत होत्या, आणि तीन गोळ्यांवर तपकिरी खड्डे पडले होते. आठही बेअरिंग्ज उघडली, आठही तशीच. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या बेअरिंगवाल्याकडून तसलंच साधं ६०८ घेऊन आले. चाळीस रुपयांचं. म्हणजे ३६०० रुपयांना मला ३२० रुपयांचा माल दिला होता, वर रंगीत झाकण.

साध्या बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असतं. स्टेनलेस म्हणायला ते किमान साडेदहा टक्के लागतं. मिठाची हवा ओल ओढून घेते आणि दीड टक्केवाल्या पोलादाला काही दिवसांतच खाते. आणखी एक गोष्ट मला त्या रात्री कळली: सिरॅमिक बेअरिंगमध्येही बहुतेक वेळा फक्त गोळ्या सिरॅमिकच्या असतात, ज्या कड्यांमध्ये त्या फिरतात ती पोलादाचीच असतात. त्यामुळे "सिरॅमिक आहे, गंजणारच नाही" हे त्याचं वाक्य माल खरा असता तरी अर्धवटच होतं. चुंबक लावून ओळखता येईल का, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, नाही, बेअरिंगमध्ये वापरतात त्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं.

आणि ती टिचकी. त्याने दाखवलेल्या चाकात ग्रीस नव्हतंच, पातळ तेलाचे दोन थेंब होते. वजन नसताना असं चाक कितीही वेळ फिरतं. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग हातात कमी फिरतं, कारण ग्रीस जाड असतं. पण बोर्डावर माणूस उभा राहिला की तेच ग्रीस गोळ्यांना सांभाळतं आणि ओल बाहेर ठेवतं. म्हणजे माझी बेअरिंग्ज चांगली होती म्हणूनच वीस सेकंदांत थांबली, आणि तोच पुरावा त्याने माझ्याविरुद्ध वापरला. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

मी इथेच राहिले असते तर हे कळलंच नसतं. नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात ती बेअरिंग्ज सहा महिने सहज चालली असती. नंतर जाम झाल्यावर मीच म्हणाले असते की वापरून झिजली. त्याचा धंदा यावरच चालतो.

बाबा आणि मी दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, समुद्रावर नेलं तर काहीही गंजणारच. मी सिरॅमिकच्या गोळ्या दाखवा म्हटलं. त्यावर त्याने मी बेअरिंग्ज बदलून आणल्याचा आरोप केला. आवाज चढवला. बाबांनी शांतपणे बिल मागितलं. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे आम्हाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यावर कळलं. तिथे तक्रार नोंदवली. दुकानाकडून उत्तर आलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही. यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः लिहिलेलं "सिरॅमिक सेट रेडी आहे ताई" आणि उघडलेल्या बेअरिंगचे फोटो, एवढं आमच्याकडे आहे. तुम्ही असं काही काम करून घेत असाल तर तोंडी बोलणं मेसेजमध्ये लिहून घ्या. तो एक मेसेज नसता तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. काम समोर बसून करून घ्या. एक झाकण उघडायला सांगा. सिरॅमिकचे पैसे घेणारा माणूस गोळी दाखवायला कां कू करत असेल तर बोर्ड उचला आणि निघा. समुद्रकाठी जायचं असेल तर स्टेनलेस घ्या, पत्र्याऐवजी रबरी सीलचं, आणि ग्रीस भरून. जुना माल तुमचा आहे, तो कागदात गुंडाळून मागा.

मी हे का म्हणते ते सांगते. मागच्या रविवारी कान्हेरे मैदानाजवळ एक मुलगा बोर्ड शिकत होता, आठवी-नववीतला असेल. मी हात गळ्यात घेऊन बाकावर बसले होते. तो पडला, बोर्ड माझ्या पायाशी उलटा होऊन आला. चाकाच्या मधोमध बेअरिंगच्या झाकणावर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता. बाहेरून चार बेअरिंग्ज दिसतात, चारही झाकणांवर तोच ठिपका. धुतलेली आणि न धुतलेली बेअरिंग्ज मिसळू नयेत म्हणून मी स्वतःच्या हाताने लावलेला.

त्याच दुकानातून घेतलेला बोर्ड होता. "नवी इम्पोर्टेड बेअरिंग्ज आहेत" म्हणून वर १५०० रुपये जास्त दिले होते. त्याचे वडील तिथेच उभे होते. त्यांना सगळं सांगितलं, माझ्या फोनमधले जुने फोटो दाखवले, आता तेही तक्रार करणार आहेत. मुलगा मात्र रडवेला झाला. त्याला वाटलं मी चाकं काढून घेणार.

मी त्याला म्हटलं, ठेव तुझ्याकडेच, चांगली आहेत. दर दोन महिन्यांनी कशी उघडायची आणि ग्रीस कसं भरायचं ते पुढच्या रविवारी दाखवते, तोवर हाताला जोर येईल माझ्या.