शिक्षकाने स्वतः मारामारी केलेली असावी का? दोन वर्गांतील चौदा महिन्यांचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी स्वसंरक्षण शिकायचे ठरवले, तेव्हा शिक्षक निवडण्याची माझी कसोटी एकच होती. शिकवणारा माणूस स्वतः कधीतरी खऱ्या मारामारीत सापडून सहीसलामत बाहेर पडलेला असावा. काठावर उभे राहून पोहायला शिकवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. वय अडतीस, काम दिवसभर खुर्चीत बसून करायचे आणि शाळेनंतर कोणताही खेळ खेळलेला नाही, अशा अवस्थेत मी पहिल्या वर्गात पाच महिने काढले आणि नंतर दुसऱ्या वर्गात गेले. तिथे आता नऊ महिने पूर्ण होत आहेत. या काळात ती कसोटी पूर्ण चुकीची ठरली असे म्हणता येणार नाही, पण ती ज्या जागी लावायला हवी होती तिथे मी लावली नव्हती, हे मात्र नक्की.

पहिल्या वर्गातील सरांना मी पहिल्याच दिवशी विचारले, "तुम्ही कधी खरी मारामारी केली आहे का?" त्यांनी तीन प्रसंग सांगितले. एकदा रात्री दोघांनी अडवले होते, एकदा गर्दीत कोणी अंगावर धावून आले होते आणि एकदा ओळखीच्या माणसाला सोडवताना हातघाई झाली होती. सांगण्यात बढाई नव्हती आणि ते प्रसंग घडले असावेत असे मला आजही वाटते. मी लगेच नाव नोंदवले. वर्गाची शिस्त चांगली होती आणि शरीर सैल होण्यासाठीचा व्यायामही नेमका होता. शिकवण्याची पद्धत मात्र अशी होती की जोडीदाराने एक पाऊल पुढे टाकून मनगट धरायचे किंवा एक ठोसा सोडायचा आणि मग हात तसाच हवेत ठेवून पुतळ्यासारखे उभे राहायचे. त्या उभ्या पुतळ्यावर आम्ही चार हालचालींची साखळी पूर्ण करायचो आणि तो आज्ञाधारकपणे खाली पडायचा.

चौथ्या महिन्यात एक नवा विद्यार्थी आला. अंगाने भारी होता आणि वर्गाचे अलिखित नियम त्याला अजून कळले नव्हते. त्याने माझे मनगट धरले आणि नुसते धरून न थांबता स्वतःकडे ओढले. मी अंगठ्याच्या दिशेने हात फिरवला, शिकवले होते तसे कोपर पुढे घातले आणि तरीही जागची हलले नाही. उलट माझाच तोल गेला आणि त्याने दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला. सर जवळ आले आणि त्याला म्हणाले, "असं नाही धरायचं. तुम्ही चुकीचं धरलंय." घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्याच्या हल्ल्यापासून वाचायचे आहे, त्याने बरोबर कसे धरावे हे आपण ठरवणार, असा तो प्रकार होता.

इथे मला पहिल्यांदा शंका आली की माणसाला मारामारीचा अनुभव असणे आणि त्या अनुभवातून त्याला काही शिकता आलेले असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. रस्त्यावरची झटापट काही सेकंदांत संपते. त्या वेळी ॲड्रेनलिनमुळे नजर एका बिंदूवर आक्रसते, आवाज दबके येतात, बोटांची बारीक कामे जमेनाशी होतात आणि नंतर आठवणारा क्रमही अनेकदा तुटक असतो. समोरचा का पडला हे पडणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि पाडणाऱ्यालाही. तो कदाचित पायरीवर घसरला असेल किंवा नशेत असेल. पण वाचलेला माणूस श्रेय आपल्या आवडत्या डावाला देतो आणि पुढे वीस वर्षे तोच डाव शिकवतो. प्रसंग खरा असतो, त्यातून काढलेला धडा मात्र कोणीच तपासलेला नसतो. रिंगमधल्या लढतीचे तसे नसते, कारण तिथे पंच असतो, चित्रीकरण असते, समोरचा तयारीनिशी आलेला असतो आणि हरलात तर का हरलात ते दुसऱ्या दिवशी पडद्यावर पाहता येते. शिवाय तशी लढत पुन्हा पुन्हा देता येते. त्यामुळे 'खरा अनुभव' या एकाच नावाखाली आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरा वर्ग बॉक्सिंगचा आहे, त्यात जवळून पकडीत लढण्याचाही थोडा भाग असतो. मुख्य प्रशिक्षकांना मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "नाही. एकही लढत नाही. एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला." मग साहाय्यकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते वीसपेक्षा जास्त लढलेत. दोन महिन्यांनी त्यांच्याशी स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, कराल, तेव्हा त्यांना विचारा." मी जवळजवळ परत फिरणार होते. थांबले ती केवळ महिन्याभराचे शुल्क आधीच भरले होते म्हणून.

न लढलेला शिक्षक आणि लढलेला साहाय्यक एकाच छपराखाली रोज पाहायला मिळणे हा योगायोगाने जमून आलेला प्रयोगच होता. माझी सर्वांत मोठी अडचण ही की ठोसा येताना दिसला की माझे डोळे मिटायचे. साहाय्यक प्रत्येक वेळी सांगायचे, "डोळे उघडे ठेवा." त्यांच्या दृष्टीने त्यात आणखी सांगण्यासारखे काही नव्हते, कारण ती अडचण त्यांना लहानपणी कधीतरी सुटून गेली होती आणि ती कशी सुटली हे आता त्यांना आठवत नव्हते. प्रशिक्षकांनी वेगळा मार्ग काढला. हातभर अंतरावर उभे राहून ते एका ग्लोव्हने माझ्या कपाळाला अगदी हलकी थाप मारायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताची काही बोटे दाखवायचे, ती मी मोठ्याने मोजून सांगायची. रोज दहा मिनिटे. पहिल्या आठवड्यात मी निम्म्या वेळा चुकीचा आकडा सांगितला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी थाप जरा जोरात पडत असूनही आकडे बरोबर येऊ लागले आणि आपले डोळे उघडे राहतात हे मला नंतर लक्षात आले. उजवी टाच जमिनीला चिकटून राहते म्हणून माझा ठोसा पोहोचत नाही, हेही त्यांनीच कोपऱ्यातून पाहून ओळखले. साहाय्यकांना ठोसा कमजोर आहे एवढे कळत होते, त्याचे मूळ टाचेत आहे हे कळत नव्हते.

बॉक्सिंगच्या इतिहासातही हे चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. अमेरिकन प्रशिक्षक कस डि'अमाटो स्वतः कधी व्यावसायिक बॉक्सर नव्हते, तरी त्यांच्याकडे शिकलेला फ्लॉइड पॅटरसन 1956 मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता हेवीवेट झाला. पुढे माइक टायसन त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि डि'अमाटो गेल्यावर वर्षभराने, 1986 मध्ये, त्याने विसाव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले. जिऊ-जित्सूमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या झुंजीत, प्रशिक्षक जॉन डॅनाहर हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, ज्यांची ओळख स्वतःच्या लढतींमुळे नसून शिष्यांमुळे झाली. पण अशी नावे घेताना एक गोष्ट गाळली जाते, म्हणून ती इथे सांगते. या माणसांच्या तालमीत सगळे शिष्य रोज पूर्ण प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी झुंजत होते. शिक्षक लढला नसेल, पण त्याची प्रत्येक कल्पना रोज संध्याकाळी कोणाच्या तरी नाकावर तपासली जात होती.

हाच विचार जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू करून ज्युदोत पद्धतशीरपणे आणला होता. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले इजा करणारे डाव त्यांनी मुक्त सरावातून, म्हणजे रांदोरीतून, बाजूला काढून काताच्या ठरीव सरावात ठेवले आणि उरलेले डाव पूर्ण जोर लावून, समोरच्याचा विरोध झेलत घोटता येतील असे केले. डोळ्यात बोट घालण्याचा डाव कागदावर कितीही घातक असला, तरी तो कोणावर खराखुरा करून पाहता येत नाही, म्हणून तो कधी अंगात मुरत नाही. पाय अडकवून पाडण्याचा साधा डाव मात्र हजार वेळा खऱ्या विरोधावर करता येतो. याची उलट बाजू 2017 मध्ये चीनमध्ये दिसली. शू शियाओदोंग या मिश्र मार्शल आर्टच्या प्रशिक्षकाने ताई ची ही पारंपरिक चिनी युद्धकला शिकवणाऱ्या एका नामवंताला काही सेकंदांतच जमिनीवर आणले. मला त्या चित्रफितीत कोण जिंकले यापेक्षा हरणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य लक्षात राहिले. आपल्या अंगावर कोणी खरोखर चालून येत आहे, याचीच त्यांना सवय नसावी असे ते दिसत होते. माझ्या पहिल्या वर्गातले सर तिथे असते तर कदाचित तसेच दिसले असते, आणि तीन खऱ्या प्रसंगांची शिदोरी त्यांच्या गाठीशी असूनही.

मग लढलेल्या साहाय्यकाचा उपयोग काय? तो मोठा आहे आणि मला तो पहिल्या स्पॅरिंगच्या दिवशी कळला. सोळा औंसांचे ग्लोव्ह्ज, डोक्याला हेडगार्ड, तोंडात माउथगार्ड आणि दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. घंटा होण्याआधी साहाय्यक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तोंड कोरडं पडेल. पाय शिसं ओतल्यासारखे वाटतील. ते थकल्यामुळे नाही, भीतीमुळे. मला अजूनही होतं. श्वास आवाज करून सोडा." चाळीसाव्या सेकंदाला मी खरोखरच श्वास रोखून धरला होता आणि पाय उचलत नव्हते. गंमत अशी की प्रशिक्षकांनी आठवड्यापूर्वी जवळजवळ हेच शब्द सांगितले होते. तेव्हा ते माहिती म्हणून ऐकले आणि विसरले. "मला अजूनही होतं" हे तीन शब्द प्रशिक्षकांना म्हणता आले नसते, आणि मला त्या क्षणी सावरले ते त्याच शब्दांनी. हे मान्य केले नाही, तर हा सगळा अनुभव अर्धवट ठरेल.

अनुभवाचा तोटाही त्याच माणसाकडून पाहिला. एका शनिवारी प्रशिक्षक नव्हते आणि साहाय्यकांनी स्पॅरिंगचा जोर वाढू दिला. ते स्वतः तसेच शिकले होते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. मला कानशिलावर एक ठोसा बसला आणि दोन दिवस डोके दुखत राहिले. सोमवारी प्रशिक्षकांना सांगताच त्यांनी मला आधी डॉक्टरांकडे पाठवले, तीन आठवडे स्पॅरिंग बंद केले आणि मी कितीही विनवले तरी एक दिवसही कमी केला नाही. मला फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच आठवले. हौशी बॉक्सिंग केलेला हा माणूस हृदयातील दोषामुळे व्यावसायिक लढतींपर्यंत पोहोचलाच नाही. 1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझर या हेवीवेट बॉक्सरांच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझर पुढे लढायचे म्हणत असताना त्याला खुर्चीवर बसवून लढत थांबवली ती फच यांनीच. किती सोसले म्हणजे पुरे, याची समज स्वतः सोसल्यानेच येते असे काही नाही. सोसण्याची सवय झालेल्याला ती रेषा कधी कधी दिसेनाशी होते.

या वर्गात न शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. चाकू, दोन-तीन हल्लेखोर, अंधार, भांडण शब्दांनीच शमवणे, यातले काहीही इथे होत नाही आणि प्रशिक्षक ते लपवत नाहीत. "ते मला येत नाही, दुसरीकडे शिका," असे ते सरळ सांगतात. त्यांच्याच सल्ल्याने मी दोन दिवसांच्या एका शिबिराला गेले. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी अनेक वर्षे सुरक्षारक्षक म्हणून दारावर काम केले होते. त्यांनी डाव जेमतेम तीन शिकवले. बाकीचा वेळ बोलणाऱ्याचे हात कुठे आहेत, तो किती जवळ आला म्हणजे आपण मागे सरकायचे, आवाज कधी चढवायचा, तळहात छातीसमोर उघडे का ठेवायचे आणि बाहेर पडायचा दरवाजा पाठीशी का असावा, यात गेला. हे ज्ञान न भोगलेल्या माणसाकडून घ्यायची माझी तयारी नाही. डब्ल्यू. ई. फेअरबेर्न शांघायच्या पोलीस दलात असताना गुंडांच्या हातून बेदम मार खाल्ल्यावर कसून शिकायला लागले आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवण्यापर्यंत पोहोचले, ते उदाहरण मला इथे पटते, कारण त्यांचा अनुभव एकदोन प्रसंगांचा नव्हता, रोजच्या नोकरीचा होता. शिक्षक कौशल्य शिकवतो म्हणत असेल तर मी त्याचे विद्यार्थी पाहीन. तो रस्त्यावरचा हल्ला शिकवतो म्हणत असेल, तर मात्र त्याचा पूर्वेतिहास विचारल्याशिवाय राहणार नाही.

गेल्या आठवड्यात मी साहाय्यकांना माझे मनगट धरायला सांगितले, त्या नव्या विद्यार्थ्याने धरले होते तसे, स्वतःकडे ओढून. त्यांनी काहीही सवलत दिली नाही. मी अंगठ्याच्या दिशेने हात फिरवण्याच्या भानगडीत पडले नाही. ते ओढत होते त्याच दिशेने एक पाऊल आत गेले, दुसरा हात त्यांच्या हनुवटीकडे सोडला आणि त्यांचे लक्ष तिकडे गेले की हात खेचला. दहा वेळा करून पाहिले. चार वेळा सुटले. प्रशिक्षकांनी कोपऱ्यातून पाहिले आणि माझ्या वहीत तारखेपुढे '10 पैकी 4' असे लिहिले. त्याखाली 'टाच' हा शब्द लिहून दोनदा अधोरेखित केला.